काळ्या वाडग्यावरची खोटी पाटी

आमच्या शहरात सध्या जुन्या हस्तकलेचं एक प्रदर्शन भरलं आहे. दुसऱ्या दालनात, खिडकीच्या बाजूला, काचेच्या कपाटात एक काळा वाडगा ठेवला आहे. बिदरीचा, फळं ठेवण्यासाठी केलेला, चांगला परातीच्या पोटाएवढा. त्याच्यावर फूल नाही, वेल नाही, जाळी नाही. काठापासून निघून तिरपी उतरत जाणारी आणि बुडापर्यंत न पोचता मध्येच थांबणारी चांदीची एक रेघ आहे. बाकी सगळा काळा. शेजारी पाटी आहे. पोलीस ॲक्शननंतरच्या दहशतीत एका कारागिरानं फुलं आणि फारसी अक्षरं कोरणं सोडून दिलं आणि हा साधेपणा भीतीतून जन्मला, असं त्या पाटीवर लिहिलं आहे. खाली ‘कारागीर अज्ञात’. त्याच्याखाली ही आठवण सांगितल्याबद्दल माझे आभार, माझ्या संपूर्ण नावानिशी.

ती पाटी खोटी आहे. तिच्यातला मजकूर मीच पुरवलेला आहे, तेव्हा ती किती खोटी आहे हे माझ्याइतकं खात्रीनं दुसरं कुणी सांगणार नाही.

ज्यांनी तो वाडगा केला त्यांना मी उस्ताद म्हणत असे. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला होता. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि आता मी मराठीत अर्ज लिहायला शिकत होतो. स्टेशन रोडवर हस्तकलेच्या वस्तूंचं एक सरकारी विक्रीकेंद्र होतं, तिथं मला नोकरी लागली. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पाहुणे गाडीतून उतरले की आमच्याकडं यायचे, हिमरूच्या शाली आणि बिदरीच्या डब्या घ्यायचे. कारागिरांकडून माल आणणं, तो मांडणं आणि गिऱ्हाइकाला दाखवणं हे माझं काम.

उस्तादांचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत भट्टी आणि ऐरण, मागं संसार. ‘गरीब बिचारा कारागीर’ म्हणून जे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढं येतं, तसे ते बिलकूल नव्हते. तिशी ओलांडलेले, इस्त्रीचा सदरा घालून भट्टीपुढं बसणारे, केसांना सुवासिक तेल लावणारे. सायकलची घंटा विनाकारण वाजवायचे. गल्लीत भांडण नसेल तर काढायचे. शहरातल्या बाकीच्या बिदरीवाल्यांना ते मोजत नसत. "ये लोगां जस्त पे कसीदा काढ रहे," असं ते त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

बिदरीचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात. कानशीनं ते गुळगुळीत करतात, मोरचुदाचा हात देऊन तात्पुरतं काळसर करतात, म्हणजे छिन्नीची रेघ दिसते. मग नक्षी कोरायची, त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी भांडं गरम करून त्याला नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती कालवून चोळायची. जस्त काळं कुळकुळीत होतं. चांदी पांढरी ती पांढरीच राहते. चांगला कारागीर तो, ज्याच्या भांड्यावर काळं दिसतच नाही इतकी चांदीची फुलं दाटलेली असतात, असा तेव्हा समज होता. आजही आहे.

उस्ताद तारुण्यात काही वर्षं हैदराबादला होते. तिथं एका नव्या बंगल्यासाठी त्यांनी दारांच्या मुठी आणि जिन्याचा कठडा ओतला होता. त्या कठड्याबद्दल ते एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. एक फूल नव्हतं त्याला, नुसत्या तीन सरळ पट्ट्या वळणावर एकदम वाकलेल्या, पण येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यावरून हात फिरवल्याशिवाय वर जात नसे. तो कठडा डोक्यात घेऊन ते इकडं आले. मी गेलो की मला बजावायचे, "मुन्शीजी, चांदी तो हर सुनार के पास मिलती. ये काला किसके पास है?"

मुन्शीजी हे मला चिडवण्यासाठी होतं. मला ते आवडायचं.

त्या काळात अधिकाऱ्यांच्या घरांत जेवणाची टेबलं आली होती. टेबल आलं की त्याच्या मधोमध काहीतरी ठेवावं लागतं. उस्तादांनी ठरवलं की ते आपण करायचं. मोठा वाडगा फळांसाठी आणि सहा वाट्या सुक्या मेव्यासाठी. ओलं, आंबट त्यात चालणार नाही, कळकेल, हे ते आधीच सांगून ठेवायचे. साहेबानं कैरीचं लोणचं वाढलं तर मला बोल लावायचा नाही, म्हणायचे.

वाडगा त्यांना जमेना. म्हणजे दुसऱ्या कुणालाही तो जमलेलाच दिसला असता. त्यांनी तो ओतला, घासला, पाहिला आणि फोडून परत मुशीत टाकला. असं पुन्हा पुन्हा झालं. त्यांची बायको आतून ओरडायची की घरात पीठ नाही आणि हे ओतलेलं भांडं फोडतात. पोटाचा घेर जमला तेव्हा रेघ अडली. मोरचुदानं काळसर केलेल्या पोटावर ते सुईनं रेघ ओढायचे, लांबून बघायचे, पुसायचे. मी विचारलं, आता काय राहिलं? म्हणाले, रेघ थांबत नाही.

एके दिवशी गेलो तर वाडगा जमिनीवर ठेवलेला. मला म्हणाले, त्याच्याभोवती फिर. मी फिरलो. एका बाजूनं नुसता काळा वाडगा होता. पुढं दोन पावलं गेलो तर काठावरून रेघ निघाली, खाली आली आणि थांबली, आणि ती जिथं थांबली तिथं माझीही पावलं थांबली. मी पुन्हा मागं जाऊन पुन्हा पुढं आलो. उस्ताद खूश झाले. मी विचारलं, ही सगळीकडून का दिसत नाही? ते म्हणाले, "चारों तरफ से दिखी तो रेघ काइकू? वो तो नाडा हुआ."

आता ज्यांना त्या वाडग्यात भीती दिसते त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. त्याच महिन्यात, त्याच भट्टीपुढं, एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी उस्ताद पानदान करत होते. झाकणावर फुलं, कडेनं वेल, आणि वर फारसी अक्षरांत शेर. ते काम त्यांनी दार सताड उघडं ठेवून केलं. आणि वाडग्याच्या बुडाशी त्यांनी चांदीत आपलं नाव घातलं, उर्दूत, चांगलं बोटभर उंचीच्या अक्षरात. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात ते घेणाऱ्याचं किंवा देणाऱ्याचं. अमक्याकडून तमकीच्या लग्नानिमित्त. करणाऱ्याचं नाव मी आजवर एकाही तांब्यावर पाहिलेलं नाही. उस्ताद म्हणाले, ज्यानं विकत घेतलं त्यानं काय केलं की त्याचं नाव?

भीती नव्हती असं मी म्हणत नाही. ॲक्शनच्या वेळी त्यांच्या मेहुण्याचं कुटुंब गाव सोडून आलं ते कायमचं त्यांच्या घरात राहिलं. त्या बायका मागच्या खोलीत कमी बोलायच्या. आणि त्याच्या आधी, रझाकारांच्या दिवसांत, आमच्याही घराला कुलूप लागलं होतं. आम्ही सगळे करमाडला मामाकडं जाऊन राहिलो होतो. पण मी पुढं चष्म्याची कसली फ्रेम घेतली यात कुणी रझाकार शोधत नाही. मला आवडली म्हणून घेतली, एवढं माझ्या बाबतीत पुरतं. उस्तादांच्या बाबतीत ते का पुरत नाही? दुःख त्यांच्या घरात होतं. ते दुःखाची भांडी करत नव्हते.

संच केंद्रात आणला तेव्हा साहेब बाहेरून नवीनच बदलून आले होते. त्यांनी वाडगा उचलला, फिरवला, आणि चांदी संपली का असं विचारलं.

उस्ताद म्हणाले, "चांदी बाकी है साहब. बात पूरी हो गई."

साहेबांना हे उद्धट वाटलं असावं. ते माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले की याला सांगा, पाहुणे इथं फुलं घ्यायला येतात, तवे घ्यायला नाही. केंद्रातली सगळी माणसं हसली. मी हसलो. उस्तादांना मराठी उत्तम कळत होतं.

वाट्यांवर फुलं घालून आणण्याचं काम साहेबांनी मला दिलं. मी दुसऱ्या दिवशी शहागंजला गेलो. उस्तादांनी चहा मागवला. मी तो प्यायलो आणि हुशार माणसासारखं बोललो. केंद्राची खरेदी बंद झाली तर कसं होईल, एकेक फूल घातल्यानं काय बिघडतं, वाडगा तसाच राहू द्या पण वाट्यांचं तरी ऐका. मग त्यांनी एक वाटी माझ्या हातात दिली.

"तेरे को कैसी पसंद है? ऐसी, या फूलवाली?"

मला ती तशीच आवडत होती. तोवर इतकी सुंदर वस्तू मी हातात धरलेली नव्हती. मी म्हणालो, "माझ्या पसंतीचा सवाल नाही, उस्ताद."

"वही तो सवाल है, मुन्शी."

त्या दिवसापासून नावापुढचा ‘जी’ गेला तो परत आला नाही. वाट्यांवर फुलं आली. प्रत्येकीच्या मधोमध एक, पाकळ्या मोजून सारख्या, तार कुठं वर आलेली नाही. काम निर्दोष होतं, आणि त्या वाट्यांचं वाटोळं झालं होतं. पाच लगेच विकल्या गेल्या. सहावी मी घेतली. ती अजून माझ्याकडं आहे, सुपारीसाठी वापरतो. काळ्याच्या मधोमध ते फूल बघितलं की माझं मलाच कळतं ते कुणी घातलं. मोठ्या वाडग्याला मात्र त्यांनी छिन्नी लावली नाही. तो खालच्या फळीवर धूळ खात पडला. शेवटी लासूर स्टेशनचा एक अडत्या कुणाला तरी भेट देण्यासाठी मोठी वस्तू शोधत आला, त्याच्या गळ्यात साहेबांनी तो मारला. भेट काही दिली गेली नाही. त्या घरात तो वाडगा किल्ल्या टाकायला होता, आणि त्याच घरच्या नातवानं तो प्रदर्शनाला दिला. उस्तादांनी त्यानंतर तसं काही केलं नाही. केलं असेल तर मला दाखवलं नाही. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

इथवरची चूक तरुण नोकरदाराची होती असं म्हणून मी स्वतःला सोडून देत आलो. पुढचं मी सत्तरी ओलांडल्यावर केलं.

शहराच्या जुन्या धंद्यांवर पुस्तक लिहिणारी एक मुलगी माझ्याकडं आली. तिच्याजवळ त्या वाडग्याचा फोटो होता. तिनं विचारलं, सगळीकडं फुलं असताना हा असा का? मी सांगितलं, त्याला तसं करावंसं वाटलं. तिनं मान हलवली, काही लिहिलं नाही. मग तिनं विचारलं की तो काळ कसा होता. मी म्हणालो, काळ वाईट होता, नुकतीच ॲक्शन होऊन गेलेली, मुसलमान लोक घाबरलेले. तिचं पेन चालू लागलं. ते चालताना बघून माझी जीभ सुटली. फुलं फारसी वळणाची, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत, असं मी म्हणालो. दार लावून काम करायचे, असं म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फार वर्षांत माझ्या बोलण्यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

कारागिराचं नाव काय, हे तिनं विचारलं. मी म्हटलं, जाऊ द्या, त्यांच्या घरच्यांना त्रास नको. हेही तिला फार आवडलं.

मग ती गोष्ट मी सभांतून सांगितली. मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात सांगितली, तिथं शाल आणि नारळ मिळाला. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली. उस्ताद बोलता बोलता रडायला लागले असंही एकदा माझ्या तोंडून गेलं. त्या माणसाला रडताना मी कधी पाहिलेलं नाही.

प्रदर्शन सुरू झाल्यावर आठवडाभरात उस्तादांची मुलगी माझ्या घरी आली. फुलंब्रीला असते, उर्दू शाळेत शिक्षिका होती, आता तीही सत्तरीला टेकलेली आहे. मी तिला परकरात पाहिलेलं. बस म्हटलं तर बसली नाही. पिशवी हातातच ठेवून उभी राहिली.

"चाचा, अब्बा किससे डरे थे? नाम बताओ."

मी काहीतरी बोलू लागलो की तो काळ तसा होता.

"गल्ली में लोग उनसे डरते थे," ती म्हणाली. "अम्मी डरती थी. दूधवाला डरता था. और तुम बोलते वो फूल से डर गए."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. ती हसत नव्हती. तिनं सांगितलं की ती स्वतः जाऊन पाटी वाचून आली, तिथं दोन बाया वाडग्यापुढं उभ्या राहून ‘बिचारा’ म्हणत होत्या. आयुष्यभर अब्बाला कुणी बिचारा म्हटलं असतं तर त्यांनी हातातला हातोडा फेकला असता. मग ती मराठीत म्हणाली, बहुधा मला नीट कळावं म्हणून, "त्यांना ते चांगलं वाटलं, म्हणून त्यांनी केलं. एवढंच लिहायला सांगा. दुसरं काही नको." जाताना खुर्चीच्या पाठीवरच्या शालीकडं बघून म्हणाली, "शाल छान आहे, चाचा."

मी प्रदर्शनवाल्यांकडं गेलो. तिथला मुख्य एक तरुण आहे, हातमागाचा कुर्ता घालतो, फार आदरानं बोलतो. मी सांगितलं, ती गोष्ट मी रचलेली आहे, पाटी काढा. त्यानं मला पाणी दिलं. काका, तुम्ही थकला आहात, इतक्या वर्षांनी आठवणी सरकतात, असं म्हणाला. मी म्हटलं, सरकलेल्या नाहीत, मी सरकवल्या. तो म्हणाला की त्या पाटीपाशी लोक थांबतात, काही रडतात. इतका मोठा विचार, काही वगळून काही राखायचं, असं आधुनिक मन, त्या काळी एका गल्लीतल्या ओतकाम करणाऱ्याकडं कुठून आलं असणार? काहीतरी धक्का बसल्याशिवाय असं होत नाही.

हे तो प्रेमानं बोलत होता. म्हणूनच माझं डोकं फिरलं. त्याच्या खोलीत परदेशी खुर्ची होती, चार नळ्या आणि एक कातड्याची पट्टी. ती कुणी केली तर त्याला विचार सुचला. उस्तादांनी वाडगा केला तर त्यांना धक्का बसला.

मी म्हटलं, बुडाशी नाव आहे, बोटभर अक्षरात, घाबरलेला माणूस घालतो का? तो म्हणाला, हो, आम्हाला ते मिळालंय, फार हृदयस्पर्शी आहे ते. भीतीपोटी नाव खाली लपवलं, म्हणून आम्हीही ते पाटीवर उघड केलं नाही. मी विचारलं, तुझ्या घरच्या स्टीलच्या डब्यावर कंपनीचा शिक्का कुठं असतो? शेवटी त्यानं ‘एका मतानुसार’ असे दोन शब्द पाटीत घालू, असं कबूल केलं. वाडगा पालथा ठेवा म्हटलं, तर प्रदर्शन संपेपर्यंत कपाट उघडता येत नाही.

ते दोन शब्दही अजून आलेले नाहीत. मी काल जाऊन बघितलं.

कपाटाची फळी काचेची आहे. माझ्या लक्षात आलं की खालून बघितलं तर बूड दिसेल. माझे गुडघे वाकत नाहीत, तरी कपाटाला धरून हळूहळू मी फरशीवर बसलो आणि मान वर केली. चांदी मळून पिवळट झाली होती, कुणी घासलेली नाही, पण एकही अक्षर उखडलेलं नव्हतं. राखणीला असलेला गडी पळत आला.

"काका, चक्कर आली का?"

"नाय."

"मग उठा की. साहेब बघत्यात."

मी बोट वर केलं. तोही वाकला, माझ्या खांद्याजवळ डोकं आणून बघितलं. काय लिवलंय, म्हणाला. मी म्हटलं, ज्यानं हे केलं त्याचं नाव आहे. तो पाटीकडं बघून म्हणाला, इथं तर अज्ञात म्हणतंय. वाचा की काका, तुम्हाला येतंय नव्हं.

दालनात दहा-बारा माणसं असतील. मी तिथंच फरशीवर बसून ते नाव मोठ्यानं वाचलं, बापाच्या नावासकट. काही लोक वळून बघू लागले. एका बाईनं विचारलं की हे आजोबा काय म्हणताहेत. गड्यानं पाटीकडं हात करून तिला सांगितलं की ते खोटं आहे म्हणत्यात.

मग त्यानं आणि आणखी एकानं काखेत हात घालून मला उभं केलं.